अमूर्त चित्रात तांब्याचा पत्रा: आधी धातू की आधी रंग?

रेघोट्या

जाणकारांची मदत हवी आहे. १२ मिमी प्लायवर ३ × ४ फुटांचं अमूर्त काम करायचं आहे. रंग अ‍ॅक्रिलिक. डाव्या अंगाला साधारण १५ × २० इंचांचा तांब्याचा पत्रा, २८ गेज, हलका मठारलेला (हातोडीने ठोकलेला) आणि त्यावर निळी-हिरवी पटिना, म्हणजे रासायनिक क्रियेने धातूवर येणारा रंगीत थर. पत्रा चौकटीत बसवलेल्या फोटोसारखा दिसू नये, बोर्डावरचे रंग त्याच्यावर ओघळत यावेत आणि पत्र्याचा निळा बोर्डात उतरावा, असं डोक्यात आहे.

तळहाताएवढ्या सहा तुकड्यांवर प्रयोग केले. पत्र्यावरचा अ‍ॅक्रिलिक आठवड्यानंतरही नखाने सालासारखा निघतो. रंगवून झाल्यावर अमोनियाची वाफ दिली तर रंग दुधाळ आणि चिकट होतो. आणि ज्या तुकड्यावर पटिना झकास आली, त्यावर लॅकर मारताच आकाशी निळ्याचा शेवाळी काळपट झाला. क्रम चुकतोय की सामान, ते कळेना.

मठार

क्रमच चुकतोय. आग, आम्ल आणि पाणी यांची सगळी कामं उरकल्याशिवाय रंगाची बाटली उघडायची नाही.

पत्रा आधी नरम करा. अंधुक उजेडात गॅसच्या टॉर्चने तापवत न्या, गडद लालसर झाक दिसली की पुरे. नारिंगी दिसेपर्यंत तापवलात तर २८ गेजला भोक पडायला वेळ लागत नाही. पाण्यात विझवा, तांबं विझवल्याने कडक होत नाही, ती पोलादाची गोष्ट. मग मठारा. ठोके बसत गेले की पत्रा पुन्हा ताठ होतो, हातोडी टणटण वाजून उसळायला लागली की परत तापवा. त्याच अवस्थेत रेटत राहिलात तर कडेने चिरा जातात.

वरचा काळा थर काढायला दहा टक्के गंधकाम्ल, आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. घरी करणार असाल तर गरम पाण्यात लिंबूसत्त्व घ्या, लिटरला तीन-चार मोठे चमचे. वेळ जास्त लागतो, पण धोका कमी. याच भांड्यात पितळेचे तुकडेही टाकणार असाल तर लोखंडी चिमटा घालू नका, पितळ गुलाबी होऊन बाहेर येतं.

त्यानंतर पटिना, धुणं, वाळवणं. आता ज्या भागावर रंग यायचाय तेवढा भाग पॉलिश पेपरने परत उघड्या तांब्यापर्यंत घासा. पटिना म्हणजे पावडर. पावडरीवर चढवलेला रंग पावडरीसकट निघणार. तुमच्या नखाला सालं लागतात ती यामुळे, किंवा तेलकटपणामुळे, किंवा दोन्हींमुळे.

घासायला १२०, मग २२०. त्याहून गुळगुळीत करू नका, रंगाला पकडायला दात हवेत. अ‍ॅसिटोनने पुसा, फडकं दर वेळी नवं. मग दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर पातळ हाताने, दुसऱ्या दिवशी ३२० ने मारून त्यावर अ‍ॅक्रिलिक. नुसता जेसो (कॅनव्हासला लावायचं पांढरं अस्तर) थेट तांब्यावर टिकत नाही. तो पाण्यातला, शोषणाऱ्या पृष्ठभागासाठी केलेला माल आहे.

खरडवही

+१. वाचनखूण साठवली.

एक शंका: पत्रा खरंच स्वच्छ झालाय हे ओळखायचं कसं? डोळ्याला तर सगळंच स्वच्छ दिसतं.

मठार

पाणी ओता. पत्रा उभा धरा. पाण्याचा सलग पडदा अर्धा मिनिट टिकला तर स्वच्छ. पडदा फाटून थेंब जमले तर तेवढ्या जागी तेल आहे, बहुतेक वेळा अंगठ्याचा ठसाच. धुतल्यावर पत्रा कडेनेच धरायचा.

निळीशाई

मठारांच्या क्रमाशी सहमत, पण पटिनाबद्दल त्यांनी एका ओळीत आटपलं म्हणून थोडं सविस्तर.

झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी वाटीत २५ टक्क्यांच्या आसपासचा अमोनिया, अर्धी वाटी. वर प्लास्टिकची जाळी, त्यावर पत्रा. पत्रा द्रवाला शिवता कामा नये. पत्र्यावर मिठाचं पाणी फवारा, पण धार नको, घामासारखे बारीक ठिपके हवेत. झाकण लावा. १२ तासांनी निळ्या कडा दिसतात, २४ ते ४८ तासांत भरगच्च निळा. मीठ जास्त झालं तर हिरव्याकडे झुकतो आणि ठिसूळ होतो. ठिपके मोठे असतील तर वाळताना कडेला गडद रिंगा राहतात. कोणाला त्या आवडतात, पण त्या नको असताना आल्या तर बोळ्याने पुसून निघत नाहीत.

दुसरी पद्धत भुशाची. लाकडाचा भुसा अमोनिया, मीठ आणि थोड्या व्हिनेगरने ओलसर करायचा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. त्यात पत्रा पुरून दोन दिवस. वाफेने येतो तो मऊ, ढगाळ निळा. भुशाने ठिपकेदार, दगडासारखं टेक्श्चर येतं. अमूर्तासाठी मला भुसा जास्त उजवा वाटतो, कारण त्याला स्वतःचं व्याकरण आहे.

डब्यातून काढल्यावर लगेच धुऊ नका. दोन-तीन दिवस हवेत राहू दे, रंग त्या काळात पक्का होतो. मग हलक्या पाण्याखाली सुटं मीठ जाऊ द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नये, पत्रा आठवडाभर ओलाच राहतो.

रंग दुधाळ होण्याचं कारण साधं आहे. अ‍ॅक्रिलिकची फिल्म वाळल्यावरही ओल शोषते, आणि अमोनियासारख्या अल्कधर्मी वाफेत ती फुगून मऊ पडते. बंद डब्यात दोन दिवस म्हणजे तिचा छळ.

ह_घ्या_काका

अमोनियासाठी एवढा खटाटोप कशाला? अँडी वॉरहॉलने १९७७-७८ मध्ये तांब्याच्या धातुरंगाने रंगवलेल्या कॅनव्हासवर सरळ लघवी करवून घेतली होती. ऑक्सिडेशन चित्रमालिका. आज त्या संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे तर गोमूत्र बाटलीबंद मिळतं.

खरडवही

काका 😂 सोसायटीच्या मीटिंगला विषय मिळाला.

निळीशाई

हसण्यावारी नेऊ नका, रसायन तेच आहे, क्षार आणि नायट्रोजनची संयुगं. फक्त प्रमाण हातात राहत नाही आणि वासही जात नाही. तिथला आधार पत्रा नव्हता, रंगात मिसळलेली धातूची पूड होती, हे मात्र या धाग्याच्या कामाचं आहे. त्याबद्दल कोणीतरी लिहा.

गंजकाम

लिहितो. ज्यांना पत्रा, टॉर्च, हातोडी यात पडायचं नाही त्यांच्यासाठी धातूची पूड हा सोपा मार्ग. लोखंडाची बारीक पूड घ्या, मॅट मीडियममध्ये (रंगद्रव्य नसलेल्या, न चमकणाऱ्या चिकट माध्यमात) कालवा; मापाने एक भाग मीडियमला दोन ते तीन भाग पूड. लोकांचं चुकतं ते इथेच. मीडियम जास्त घातलं की प्रत्येक कण प्लास्टिकच्या पिशवीत बंद होतो, मग वर काहीही फवारा, गंज येत नाही. लेप वाळल्यावर राखाडी आणि खरखरीत दिसला पाहिजे. गुळगुळीत, चकचकीत दिसला तर पूड कमी पडली. खरखरीत कागद एकदा हलका फिरवला की कण उघडे पडतात.

गंजाचं पाणी: औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड ५०० मिली, व्हिनेगर ६० मिली, मीठ दीड चमचा. लागेल तेवढंच करा आणि बाटलीला घट्ट बूच लावून ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुगते. फवारल्यावर फेसाळतं, पाच-दहा मिनिटांत केशरी. तीन-चार हात दिले की विटकरी.

अख्ख्या लोखंडी पत्र्यावर करायचं असेल तर आधी त्यावरची निळसर काळी पापडी काढावी लागते, नाहीतर गंज चट्ट्याचट्ट्याने येतो. पापडी व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून निघते किंवा ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावून.

आणि गंज ज्यांना नुसता विटकरी नको, काळा हवाय, त्यांनी हिरडा वापरावा. ५० ग्रॅम हिरड्याची भुकटी लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, सुटा गंज ब्रशने झटकून त्यावर लावा. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळा होतो. हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि हिरडा घालून काळा रंग करायची रंगाऱ्यांची जुनी रीत आहे, त्यात फक्त हिराकसच्या जागी गंज. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरडा गोळा होतो, काष्ठौषधीच्या दुकानात किलोवर मिळतो. कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात विटकरीतून काळा उमटतो आणि कडेला जांभळी झाक राहते. ती झाक ट्यूबमधल्या रंगात नाही.

कोकणपट्टी

गंजकाम यांनी सांगितलं ते घाटावर ठीक. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी जपून. मिठाने आणलेला गंज मिठाच्या हवेत थांबत नाही. बेकिंग सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने दोनदा, उन्हात कडकडीत वाळवा आणि त्याच दिवशी सील करा. तरीही वर्षभराने कडेला डाग आले तर आश्चर्य नको.

दुसरं, दोन धातू एकमेकांना चिकटवू नका. तांब्याला अ‍ॅल्युमिनियम किंवा लोखंड टेकलं आणि मध्ये ओल आली की बॅटरी सुरू होते, आणि त्यात तांबं शाबूत राहतं, दुसरा धातू खाल्ला जातो. तांब्याच्या पत्र्याला लोखंडी स्क्रू मारलेली कामं पावसाळ्यानंतर बघा, स्क्रूच्या डोक्याखाली तपकिरी भुगा आणि चित्रावर ओघळ. तांब्याला तांब्याचे खिळे किंवा पितळी स्क्रू. अ‍ॅल्युमिनियम लागणारच असेल तर मध्ये नायलॉनचे वॉशर आणि खाली प्रायमर.

चौकट_मोडा

तंत्र खूप झालं, थोडं चित्राबद्दल बोलू या?

मिक्स्ड मीडियाची बहुतेक कामं फसतात ती चिकटत नाही म्हणून नाही. तांबं चकाकतं, नजर तिथे जाऊन बसते आणि बाकीचं चित्र त्या पत्र्याची पार्श्वभूमी होऊन जातं. मग ते हॉटेलच्या लॉबीतलं म्युरल होतं. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं काम आठवा. रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवायचे, काढायचे, आणि जे उरतं ते आतून उजळल्यासारखं दिसतं. तिथे एकही चमकणारी वस्तू नाही. पत्र्याकडूनही हेच करून घेता आलं पाहिजे. ठोक्याची रांग ही रेघ आहे, कापलेली कड ही रेघ आहे, डाखाचा (सोल्डरचा) ओघळ ही रेघ आहे. इटालियन चित्रकार अल्बेर्तो बुर्रीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस वेल्ड केलेल्या लोखंडी पत्र्यांची चित्रं केली, त्यात शिवण लपवलेली नाही. शिवण हेच चित्र आहे. आपल्याकडे पिलू पोचखानवालांनी भंगारातल्या लोखंडाची शिल्पं केली, त्यातही जोड लाजत नाहीत.

रेघोट्या, तुम्ही पत्र्यावर निळी पटिना 'लावताय'. हे शब्दातच अडकलंय.

मठार

चौकट_मोडा, शेवटच्या वाक्याशी असहमत. पटिना लावता येतच नाही, ती येते. तुम्ही फक्त मीठ कुठे पडेल ते ठरवता.

चकाकीवर मात्र बरोबर बोललात आणि त्यावर उपाय आहे. ४०० चा कागद किंवा हिरवा स्क्रबर एकाच दिशेने ओढायचा. आडवा ओढला तर वरच्या दिव्याचा उजेड पसरतो, उभा ओढला तर बाजूच्या खिडकीचा. धातूची गडद-फिकट छटा स्थिर नसते. डावीकडून काळा दिसणारा पत्रा उजवीकडून चित्रातला सगळ्यात उजळ भाग असतो. म्हणून रंग ठरवण्याआधी बोर्ड भिंतीवर टांगा आणि तीन जागांवरून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. तिन्हींत तोल राहत असेल तरच पुढे जा.

कल्हईवाली

इतके प्रतिसाद झाले आणि कल्हई कोणाला आठवली नाही?

तांब्यावर पांढरा फटकारा मारायची ती सगळ्यात सरळ पद्धत आहे. पत्रा खालून सारखा तापवायचा. कथील २३२ अंशांना वितळतं, त्याच्या थोडं वर. नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर निघतो आणि तेवढी जागा लख्ख होते. त्या क्षणी कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ओढायचं. जिथून बोळा गेला तिथे चांदीसारखा पट्टा. सुरुवातीला जाड, शेवटी फाटत गेलेला, आतून तांबूस रेषा डोकावणारा. कोरड्या कुंचल्याच्या फटकाऱ्यात आणि यात फरक सांगा. हात थांबला की कथील गोळा होतं, पत्रा जास्त तापला की पिवळट पडतं. दोन-तीन सेकंदांचा खेळ आहे, खोडता येत नाही.

आता रेघोट्यांच्या कामाची गोष्ट. कल्हई पटिनाच्या आधी करायची. एक-दोन दिवसांच्या वाफेत कथील जरा निस्तेज होतं, पण निळं होत नाही. म्हणजे फटकारा तसाच पांढुरका राहतो आणि भोवतीचं तांबं निळं होतं. मास्किंग टेपने अशी कड येत नाही.

कथील शुद्ध घ्या, शिसं मिसळलेलं स्वस्त मिळतं. नवसागराचा धूर नाकात जाऊ देऊ नका, उघड्यावर करा. २८ गेज तापल्यावर वाकतो, म्हणून कडा आधी दुमडून घ्या.

चौकट_मोडा

हे भारी आहे. माझे शब्द मागे.

ह_घ्या_काका

स्क्रीनशॉट काढून ठेवला. या संस्थळावर हे वाक्य पुन्हा दिसणार नाही.

निळीशाई

कल्हईवाली ताई, __/\__

आता लॅकर. तुकडा काळपट झाला त्याचं कारण: पटिनाचा निळा फिका दिसतो तो पावडरीच्या कणांमध्ये हवा असते म्हणून. लॅकर त्या फटी भरतं, उजेड आत जातो आणि खालचं गडद तांबं वर येतं. ओला दगड गडद दिसतो तसं. यावर पूर्ण इलाज नाही. पहिले तीन-चार हात फूट-सव्वा फुटावरून इतके कोरडे मारायचे की पृष्ठभाग ओला दिसताच कामा नये. तरी एक-दोन छटा खाली जाणारच, तेव्हा पटिनाच मुद्दाम फिकी आणि जाड आणायची.

माझं मत विचाराल तर लॅकर नकोच. घरातल्या भिंतीवर, पावसाच्या झडीपासून लांब, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ हात पुरतो. धातू हळूहळू बदलला तर बदलू दे.

मठार

इथे मी ठाम विरोधात. मेण लावलेल्या जागेच्या आसपास नंतर रंग चिकटत नाही, आणि रेघोट्यांना तर रंग पत्र्यावर आणायचाय. शिवाय मिठाने आणलेली पटिना उघडी ठेवली तर क्लोराइड आत काम करत राहतं. ओल लागली की फिकट हिरवी भुकटी सुटते, खाली खड्डा पडतो. जुन्या कांस्यमूर्तींना हाच आजार होतो. इन्क्रालॅकसारखं बेंझोट्रायझोल (तांब्याचा गंज रोखणारं रसायन) असलेलं लॅकर तांब्यासाठीच बनलेलं आहे.

पण क्रम पाळा. या लॅकरांत टोल्युइनसारखे सॉल्व्हंट असतात आणि अ‍ॅक्रिलिकचा रंग त्यात विरघळतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरवाल्या स्प्रेचंही तेच. लॅकर आधी, पूर्ण वाळू द्या, मग त्यावर पाण्यातला अ‍ॅक्रिलिक चालतो. उलट केलंत तर रंगाला सुरकुत्या. यात एक फायदाही आहे: लॅकरवर पातळ पारदर्शक ग्लेझ दिला तर खालचा निळा दिसत राहतो आणि बोर्डावरचा रंग पत्र्यात 'उतरल्यासारखा' दिसतो. तिथे घासून प्रायमर लावायची गरज नाही. प्रायमर फक्त जिथे जाड, अपारदर्शक रंग हवा तिथे.

निळीशाई

क्लोराइडचा मुद्दा मान्य. मग धुण्याचं पाणी ऊर्ध्वपातित घ्या आणि दोन-तीनदा बदला. उघड्या तांब्याबद्दल मात्र माझं मत तेच.

लसूणचटणी

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात फ्लेमिश आणि इटालियन चित्रकार तांब्याच्या पत्र्यावरच तैलचित्रं काढत. जान ब्रूगेल थोरला यांची बारीक कामं बघा, रंग आजही शाबूत आहेत. पत्रा घासून, तेल काढून, त्यावर लसणाच्या पाकळ्या चोळायच्या, अशी कृती जुन्या पोथ्यांत सापडते. लसणाचा रस चिकट थर देतो. तैलरंग तांब्यावर अ‍ॅक्रिलिकपेक्षा सुखाने बसतो. तर मग अ‍ॅक्रिलिकचाच हट्ट का?

खरडवही

आयडी सार्थ केलात.

मठार

तैलरंग बसतो, खरं आहे, आणि ती चित्रं लहान, सपाट आणि सगळी एकाच आधारावर असायची. इथे रंग प्लायवरही आहे. शिवाय तेल आणि तांबं यांची हळूहळू प्रक्रिया होते, फिक्या रंगाला हिरवी झाक येऊ शकते. जस्ताच्या पत्र्यावर तर तेल किंवा ऑइल पेंट थेट लावूच नका. जस्ताशी त्याचा साबण होतो आणि वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे निघतात. लोक गॅल्व्हनाइज्ड पत्रा 'गंजत नाही' म्हणून घेतात आणि नेमके इथे फसतात. त्याला इच प्रायमर (धातूला किंचित खाऊन पकड घेणारा) हवाच. आणि तो पत्रा वेल्डही करू नका, जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो.

नवखा_०७

मिठाईचा वर्ख चालेल का? स्वस्तात चांदी 🙂

कल्हईवाली

श्वास सोडलात तरी उडेल. आणि चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. पितळी पानं मिळतात, सोन्यासारखी दिसणारी. तीही उघडी ठेवली की वर्षभरात तपकिरी. दोन्हींना वरून वॉर्निश लागतंच.

नवखा_०७

आणि पत्रा कुठे मिळेल? गेजचं काही कळत नाही.

कोकणपट्टी

गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ. २४ म्हणजे ०.५६ मिमी, २८ म्हणजे ०.३८ च्या आत, ३६ म्हणजे ०.१९, तो कात्रीने कागदासारखा कापतो. वजनावर विकतात म्हणून हिशेब करून जा: चौरस फुटाला २४ गेज साधारण ४६५ ग्रॅम, २८ गेज ३१० च्या आसपास, ३६ गेज १६०. पुण्यात हार्डवेअरसाठी बोहरी आळी, मठारकाम बघायला आणि कारागिरांशी बोलायला कसब्यातली तांबट आळी. मुंबईत तांबा काटा. कातरण मागा, दुकानदार वजनावर देतात, प्रयोगाला तेच बरं.

रेघोट्या

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. कल्हई नक्की करणार.

पण मूळ प्रश्नातला एक भाग राहिला. रंग बोर्डावरून पत्र्यावर ओघळत यायला हवा. म्हणजे पत्र्याच्या कडेवरून सलग फिल्म जाणार. ती तडकणार नाही का? आणि पत्रा चिकटवू कशाने?

मठार

तडकणार. गणित बघा. तांबं दर अंशाला मीटरमागे ०.०१७ मिमी वाढतं. २० इंच पत्रा, हिवाळ्याची पहाट ते मे महिन्याची दुपार असा ३० अंशांचा फरक धरला तर पाव मिलिमीटर. आकडा किरकोळ वाटतो, पण प्लाय त्याच वेळी त्याच मापाने हलत नाही, आणि सगळा ताण कडेवरच्या केसाएवढ्या रेषेत येतो. दोन-तीन उन्हाळ्यांत तिथे पत्र्याची बाह्यरेषा चिरेच्या रूपाने उमटते.

तेव्हा फिल्म सलग ठेवायचीच नाही. पत्र्याभोवती दीड-दोन मिमी फट सोडा. बोर्डावर ३ मिमी प्लायचे तुकडे लावून पत्र्यासाठी उथळ खण केलात तर दुमडलेली कड आणि रंगाचा पृष्ठभाग एका पातळीत येतात. ओघळ बोर्डावर वेगळा, पत्र्यावर वेगळा, पण एकाच वेळी, त्याच रंगाने, पत्रा जागेवर ठेवून टाका. रंग अर्धवट वाळला की पातळ पात्याने फटीतून कापा. डोळ्याला सलग, हाताला तुटक. फट आतून गडद रंगवली तर दोन फुटांवरून दिसत नाही.

कोकणपट्टी

चिकटवण्याबद्दल: २८ गेजचा तुमचा पत्रा दुमड धरून पाऊण किलोच्या आत आहे, त्यामुळे वजनाची भीती नाही, हालचालीची आहे. पांढरा फेविकॉल इथे कामाचा नाही, तो धातूला नीट धरत नाही. मध्यभागी तळहाताएवढ्या जागेत अरल्डाइट (दोन भागांचा इपॉक्सी गोंद), दोन्ही भाग समान, पत्र्याची मागची बाजू ८० च्या कागदाने घासून. कडेला रुपयाएवढे सहा-आठ ठिपके न्यूट्रल सिलिकॉनचे, म्हणजे मध्य पक्का आणि कडा सरकायला मोकळ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आणू नका, त्यातलं आम्ल तांब्याला हिरवं करतं. आणि सिलिकॉन कडेबाहेर येऊ देऊ नका, त्यावर कुठलाच रंग बसत नाही.

शंका असेल तर पत्र्यालाच चार जिभा काढून प्लायच्या फटीतून मागे वळवा. गोंद म्हातारा होतो, जीभ होत नाही.

चौकट_मोडा

फट लपवायची कशाला? तीच रेघ आहे.

मठार

आलात पुन्हा मूळ पदावर. बरं, यावर वाद नाही. लपवायची असेल तर गडद, दाखवायची असेल तर आतल्या कडेला कथील.

गंजकाम

एक राहिलं. पत्रा धुतलेलं पाणी आणि लिंबूसत्त्वाचं वापरलेलं पाणी मोरीत ओतू नका, त्यात तांब्याचे क्षार असतात. गंधकाम्लाच्या पाण्यात धुण्याचा सोडा घाला, फसफस थांबेपर्यंत. गाळ बसला की वरचं पाणी वेगळं करा, गाळ बरणीत साठवा आणि घातक कचऱ्यात द्या. अमोनियाचं आणि लिंबूसत्त्वाचं पाणी वेगवेगळ्या बरण्यांत. त्यात तांबं विरघळलेलंच राहतं, सोड्याने खाली बसत नाही. आणि अमोनियाच्या जवळपास ब्लीचिंगची बाटलीसुद्धा नको. एन-९५ मास्क धुळीसाठी आहे, वाफेसाठी कार्ट्रिजवालाच लागतो.

रेघोट्या

आज सातव्या तुकड्यावर कल्हईचा फटकारा मारला आणि भुशात पुरला. पाण्याचा पडदा एका कोपऱ्यात फाटत होता, तिथे दोनदा अ‍ॅसिटोन फिरवूनही थेंब जमतायत. तसाच पुरला.

मठार

त्या कोपऱ्यात नवसागराचा अवशेष असणार. तो अ‍ॅसिटोनने जात नाही, गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने जातो. काढा बाहेर, धुवा, परत पुरा.

कल्हईवाली

काढू नका हो. नवसागर राहिलाय तिथे हिरवा येईल. दोन दिवसांनी फोटो टाका.